इंजिन बसलं म्हणजे गाडी मेली का? (हिशेबनीस यांना उत्तर)

घाटपुरुष:
परवा हिशेबनीसनी ठणकावून लिहिलं की दहा वर्षांपुढच्या दुचाकीचं इंजिन बसलं (आतून जाम झालं) तर खोलायचंच नाही, "चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला", सरळ भंगारात घाला नि नवीन बुक करा, आता २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय म्हणजे रडायला कारणच उरलं नाही. त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या म्हणून हा वेगळा धागा.

माझी २००७ ची स्प्लेंडर, टाकीवर अजून हीरो होंडा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात खंबाटकी चढताना आधी ओढ गेली, मग खरखर, मग मागचं चाक एकदम जाम. किकवर उभा राहिलो तरी दगड. चूक माझीच, ड्रेन नटचे आटे गेलेले, तेल थेंबथेंब गळत होतं नि मी पार्किंगमधल्या डागावर पुठ्ठा टाकून मोकळा होत होतो. टेम्पोत घालून शोरूमला नेली तर तिथल्या साहेबांनी उभ्या उभ्या सांगितलं, फुल इंजिन, एकवीस हजार, नाहीतर एक्स्चेंजमध्ये द्या. न खोलता!

साताऱ्यात एका मिस्त्रीनं हेड आणि ब्लॉक माझ्यासमोर उतरवला. पिस्टनला नख अडकेल असे ओरखडे, रिंगा खाचेतच चिकटलेल्या. मग त्यानं कनेक्टिंग (पिस्टनला खाली फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारी दांडी) दोन बोटांत धरून वरखाली हलवली, टक टक. "ही गेली," एवढंच म्हणाला. पण चेंबर (इंजिनाचं खालचं कवच) शाबूत, गिअर शाबूत. ब्लॉकचं भोक लेथवर मोठं (रिबोअर) करून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक प्रेसवर उघडून नवीन कनेक्टिंग आणि पिन, डायल लावून लाइनमध्ये, टायमिंग चेन, सील, पॅकिंग, मजुरी सगळं धरून ९,४००. दीड वर्षात अकरा हजार किलोमीटर झाले. आता बोला.

हिशेबनीस:
मेलेल्या म्हशीला मणभर दूध! माझं ऐका. दीडशे सीसीची गाडी, असंच "समोर खोलून" काम केलं, ११,०००. तीन महिन्यांत निळा धूर, म्हणजे तेल जळतंय. परत गेलो तर म्हणे तुम्ही गाडी पळवली. पुन्हा ४,५००. मग हँडलला अशी थरथर की शिरवळपर्यंत बोटं बधिर, क्रँक वाकडा बसवलेला. कंटाळून सोडून दिली. आणि तुमच्या ९,४०० मध्ये तुम्ही पंधरा वर्षांनंतरचं आरसी रिन्यूअल धरलंय का? २०२२ पासून फीच हजार रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा, आरटीओची चक्कर वेगळी.

घाटपुरुष:
रिन्यूअल इंजिन बसायच्या आधीच केलेलं होतं. तुमचा मिस्त्री भिकार होता याचं खापर दुरुस्तीवर का?

टपरी_गॅरेज:
मी हेच काम करतो म्हणून बोलतो. हिशेबनीस, रिबोअर झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या आत चालवली का? पाचशेला तेल बदललं का? दहातले आठ जण गाडी मिळाली की त्याच संध्याकाळी बायकापोरांना बसवून देवाला जातात, घाट चढवतात नि आठ दिवसांनी येऊन माझी गचांडी धरतात.

हिशेबनीस:
देवाला नाही, मेहुण्याच्या लग्नाला गेलो होतो. पण पाचशे किलोमीटरचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

टपरी_गॅरेज:
झालं मग.

डिलिव्हरीवाला:
तुम्ही सगळे रविवारी फिरणारे लोक आहात. घाटपुरुष, काम किती दिवस चाललं ते लिहिलं नाही? माझी गाडी नऊ दिवस गॅरेजला होती, लेथवाला गावाला गेला, मग कनेक्टिंग चुकीची आली. नऊ दिवस माझी कमाई शून्य, हप्ता चालू. तो तोटा बिलात दिसत नाही. मी दहाव्या दिवशी जुन्या बाजारातून इंजिन आणलं, ७,५०० ला, दोन तासांत बसवलं.

घाटपुरुष:
बारा दिवस लागले, मान्य. पण जुन्या बाजारातल्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढवलात का? इंजिन नंबर चेंबरवर असतो हो. बोअर-पिस्टन केलं तर नंबर तोच राहतो, अख्खं इंजिन बदललं की गाडी कागदावर वेगळी. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर नाकाबंदीत काय सांगणार, बिल आहे?

डिलिव्हरीवाला:
बिल मागितलं तर तो हसला.

एस्टेट_पेठ:
मूळ कारणावर कुणीच बोलत नाही. हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं पाप आहे. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, त्याआधीच्या कोट्यवधी गाड्यांनी काय करायचं? इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीत पाणी, रबरी नळ्या सुजतात, कार्ब्युरेटर चोकअप. २०३० चं उद्दिष्ट ओढून २०२५ वर आणलं, कुणाला विचारून?

ऊसवाला०९:
इथेनॉल उसापासून होतं म्हणून आलं का घसरून उसावर! खंबाटकीत तेल संपलं म्हणून इंजिन बसलं, माणूस स्वतः कबूल करतोय, तरी दोषी कोण तर कोल्हापूरचा शेतकरी. इथेनॉलनं कनेक्टिंग तुटत नाही भावा.

एस्टेट_पेठ:
ॲव्हरेज घटतं त्याचं काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी. पैसे मात्र पूर्ण घेता.

ऊसवाला०९:
पैसे मी घेतो का? पंपावर जाऊन विचार. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर केंद्रानं बंधनं आणली तेव्हा कारखान्यांचं गणित कोलमडलं, आमची बिलं रखडली, तेव्हा तुमच्या पेठेतनं कोण आलं होतं? पहिल्या उचलीसाठी (ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्यासाठी) दरवर्षी रस्त्यावर बसतोय आम्ही.

एस्टेट_पेठ:
तुमची बिलं रखडतात म्हणून माझ्या गाडीनं पाणी प्यायचं?

ऊसवाला०९:
टाकी भरून सहा महिने सोसायटीत उभी ठेवलीस तर पिणारच. रोज चालव की. आमच्याकडं त्याच पेट्रोलवर दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून गाड्या पळतात.

एस्टेट_पेठ:
पळतात आणि गॅरेजला येतात. टपरी_गॅरेजला विचारा.

टपरी_गॅरेज:
मला ओढू नका. कार्ब्युरेटर साफ करायला गाड्या वाढल्यात हे खरं. पण बसलेली इंजिनं मी जेवढी खोलली त्यातली जवळपास सगळी तेलाअभावी. डिपस्टिक कुठं असते हे तरी माहितीय का लोकांना?

घाटपुरुष:
धागा माझा होता, आठवण करून देतो. एवढंच म्हणणं होतं की आधी खोला, मग ठरवा. कनेक्टिंग तुटून चेंबरला भोक पडलं असेल तर मीही म्हणेन विका.

हिशेबनीस:
बरं. भोक असेल तर विका, हे मीच म्हणत होतो, तुम्ही फक्त नऊ हजार खर्चून तिथं पोचलात. सोडून दिली म्हणजे विकली नाही, गाडी अजून सासरी गोठ्यात उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात. तुमच्या त्या साताऱ्याच्या मिस्त्रीचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. रविवारी टेम्पो मिळतोय.

एस्टेट_पेठ:
टाकीतलं पेट्रोल आधी बाटलीत काढून बघा, तळाला पाणी दिसेल. मग बोलू.

ऊसवाला०९:
आला परत.