नवजात कक्षांच्या मृत्युदराची तुलना कशी करावी?

प्रश्न:
नमस्कार. जिल्ह्याच्या आरोग्य सांख्यिकीचे काम माझ्याकडे आहे. आमच्या मासिक आढावा बैठकीत सगळ्या एसएनसीयूंची (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांची) मृत्युदरानुसार क्रमवारी लावली जाते आणि जिल्हा रुग्णालय बहुतेक वेळा तळाला असते. तेथील बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे की, तालुक्यातून अत्यवस्थ बाळे शेवटच्या घटकेला पाठवली जातात आणि मृत्यू मात्र आमच्या खात्यावर पडतो. मला ते पटते, पण आकड्यांत मांडायचे कसे? जन्मवजन, गर्भकाळाचे आठवडे, इनबॉर्न (त्याच रुग्णालयात जन्मलेले) की आउटबॉर्न (बाहेर जन्मून आणलेले), भरतीच्या वेळचे तापमान आणि अखेरचा निकाल एवढ्या नोंदी हाताशी आहेत. लॉजिस्टिक रिग्रेशन (अशा नोंदींवरून मृत्यूची शक्यता काढण्याची सांख्यिकी पद्धत) पुरेल का?

प्रतिसाद १:
सुरुवातीला पुरेल. सगळ्या कक्षांच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक बाळाची मृत्यूची शक्यता काढा. एखाद्या कक्षातील बाळांच्या या शक्यतांची बेरीज म्हणजे त्या कक्षातले अपेक्षित मृत्यू. समजा, जिल्हा रुग्णालयात अपेक्षित ३० आणि प्रत्यक्षात २४ मृत्यू झाले, तर गुणोत्तर ०.८ येते, म्हणजे तळाचे रुग्णालय खरे तर बरे काम करत असावे. उपजिल्हा रुग्णालयात अपेक्षित ४ आणि प्रत्यक्षात ६ असतील तर गुणोत्तर १.५, पण इतक्या लहान आकड्यावर ९५ टक्के विश्वास-अंतर (खरे गुणोत्तर ज्या पट्ट्यात असू शकते तो पट्टा) साधारण अर्ध्यापासून तिपटीच्याही पुढे जाते, त्यामुळे त्यावरून कोणाला नोटीस काढणे अन्यायाचे ठरेल. म्हणून क्रमवारी सोडून फनेल प्लॉट (कक्ष जितका लहान, तितकी योगायोगाच्या चढउताराची मुभा रुंद दाखवणारा आलेख) काढावा, आणि लहान कक्षांसाठी बहुस्तरीय मॉडेल वापरावे, जे तुटपुंज्या आकड्यांना जिल्ह्याच्या सरासरीकडे ओढून घेते.

तापमानाबाबत मात्र सावध राहा. आउटबॉर्न बाळ गार पडून आले तर तो प्रवासाचा परिणाम. इनबॉर्न बाळ प्रसूतिगृहातून वरच्या मजल्यावर येईपर्यंत गार पडले तर तो त्याच रुग्णालयाचा दोष. तापमान सरसकट मॉडेलमध्ये घातले तर हा दोष ‘रुग्णाची जोखीम’ म्हणून माफ होतो. रुग्णालयाच्या हातात काय होते, हे आधी ठरवावे लागते. ते सॉफ्टवेअर ठरवत नाही.

प्रतिसाद २:
वरील मांडणीशी सहमत, परंतु ‘अखेरचा निकाल’ हा रकाना नीट तपासा. रेफर झालेले आणि लामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी) गेलेले बाळ मृत्यूंत मोजले जात नाही, त्यामुळे गंभीर बाळ वेळीच पुढे ढकलणारे रुग्णालय कागदावर उत्तम दिसते. आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. त्या नोंदी जोडता आल्या तर २८ दिवसांचा निकाल मिळेल आणि रेफर केलेले बाळ पाठवणाऱ्याच्याही हिशेबात येईल.

छेद काय घेतला यावर सगळे अवलंबून असते, हे जुनेच दुखणे आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या १८६३ सालच्या ग्रंथात लंडनमधील २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांहून अधिक छापला होता, कारण वर्षभरातल्या मृत्यूंना एकाच दिवशी दाखल असलेल्या रुग्णसंख्येने भागले होते!

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. रजिस्टर उघडून पाहिले. जन्मवजनात २५०० ग्रॅमचा आकडा संशयास्पद वाटावा इतक्या वेळा आहे, आणि रात्रपाळीतल्या भरतीला तापमानाचा रकाना पुष्कळदा कोराच आहे. अशा अपुऱ्या नोंदी वगळून पुढे जावे का?

प्रतिसाद १:
वगळू नका. दाखल होताच तासाभरात दगावलेल्या बाळाचे तापमान लिहायला ड्यूटीवरच्या एकट्या सिस्टरला सवड मिळालेली नसते. म्हणजे कोऱ्या रकान्यांत मृत्यू अधिक असण्याचा संभव आहे. त्या ओळी काढल्या तर सर्वांत कमी लिहिणारे रुग्णालय पहिले येईल. आधी कोऱ्या आणि भरलेल्या नोंदींतला मृत्युदर वेगवेगळा काढून इथे टाका, मग पुढचे बोलू.