शाळेचा शेवटचा दिवस आणि उदास सूर: तुम्ही काय ऐकता?

निळी शाई
आज निकाल वाटून झाला, मुलं गेली, कपाट रिकामं केलं आणि फळा पुसायला डस्टर उचललं तर कोपऱ्यात मॉनिटरच्या तिरप्या अक्षरात पट ४२, हजर ४२. वर्षभरात पूर्ण पट भरल्याचे दिवस किती आले असतील! हात पुढे गेलाच नाही. तेवढ्यात शेजारच्या वर्गात झाडणाऱ्या काकांच्या मोबाईलवर सारंगी लागली आणि मला एकदम नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हाही अशीच शेवटच्या दिवशी घरी आले, बाबांनी मारवा राग लावला होता, खांद्यावरची पर्स न काढता मी दारातच बसले आणि रडू फुटलं. दुःख कसलंच नव्हतं हो, नुसता थकवा. बाबांनी काय झालं विचारलं नाही, फक्त आवाज थोडा वाढवला. तेव्हापासून वर्ष संपलं की उडत्या चालीचं काही सहन होत नाही मला, आणि 'मूड ठीक कर' म्हणून कुणी काही लावलं तर उठून जावंसं वाटतं. तुमचं काय? शिक्षक असा नसा, लिहा.

कोमल रे
अगदी अगदी!! मारव्यात पंचम म्हणजे प नाही, रिषभ म्हणजे रे कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा सा वर येणं मुद्दाम टाळत राहतो, जीव नुसता टांगणीला, मग कधीतरी सा लागतो आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं होतं. सूर्यास्ताचा राग. पूरियाचे सूर हेच, पण तो ग आणि नी वर रमतो, मारवा रे आणि ध वर. पेपर तपासताना मी पूरिया लावते, मारवा लावला की पेपर बाजूलाच राहतात.

जागरण
२२ वर्षं झाली शिकवतोय. शेवटच्या दिवशी मला शब्दच नको असतात, वर्षभर तेच केलेलं असतं. दिवे बंद करून नुसता तानपुरा लावतो. चारच तारा, प सा सा आणि खर्जाचा, म्हणजे खालचा सा. थोड्या वेळाने त्यातून गंधार, म्हणजे ग, ऐकू यायला लागतो, तो कुणी छेडलेला नसतो तरी येतो. तो आला की झोप लागते.

खिडकी
फ्रेंच संगीतकार एरिक सातीची जिम्नोपेदी ऐका, १८८८ची, पियानोचे तीन छोटे तुकडे. पहिल्यावर वाजवणाऱ्यासाठी सूचनाच लिहिलीय, सावकाश आणि व्यथित. डावा हात खाली एक खोल सूर देतो मग वर स्वरमेळ, परत खाली परत वर, झुल्यासारखं. बाळ उठलं, नंतर येते

शिक्षिकेचा नवरा
बायको आज आली तशी आत गेली आणि भैरवी लावली. पहिला तासभर आईशी कुणी बोलायचं नाही हा नियम आमच्या मुलीने केलाय. मी तरी म्हटलं, भैरवी तर मैफल संपताना गातात ना, तर म्हणाली मग आज काय संपलं. पुढे मी काही बोललोच नाही, चहा ठेवून आलो.

निळी शाई
फार बरं केलंत.

तिसरा बाक
विषय सोडून विचारतेय, माफ करा, पण आवाज पूर्ण बसलाय, चार दिवस कुजबुजत बोलतेय. काय करू?

कोमल रे
अगं कुजबुजू नकोस, त्याने उलट ताण पडतो! सरळ गप्प राहा, लागेल ते लिहून दाखव, पाणी पीत राहा. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

तिसरा बाक
हो गं ताई. गप्प राहायचं म्हणजे आता ऐकणंच आलं, मारव्यापासून सुरू करते.

जागरण
बऱ्या झालात की सकाळी हळू आवाजात खर्ज भरा, म्हणजे खालचे सूर लांब धरा, गाणारे करतात तसे. मला फरक पडला.

निळी शाई
तानपुरा लावलाय. गंधार अजून सापडत नाहीये, शोधतेय. आणि फळा नाही पुसला मी, काकांना सांगून आले राहू द्या म्हणून.

जागरण
चौथ्या तारेकडे कान ठेवा, खर्जाच्या. तिच्यातूनच येतो.