हाताने घडवलेली सुरी घ्यायची आहे; कोणती कलाकुसर टाळावी?

गंगापूररोडवासी
माझ्या आईने आयुष्यभर विळीवरच भाजी चिरली. आता गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून ओट्यावर वापरण्यासाठी हाताने घडवलेली एखादी सुरी घ्यावी असा विचार आहे. नाशिकमधल्या एका प्रदर्शनात पाहिलेली सुरी मनात भरली आहे: पात्यावर डमॅस्कसच्या लाटा, पाठीवर कानशीने कोरलेली वेल, पात्यात तीन भोके, मुठीला बोटांच्या खाचा आणि मुठीपुढे थेट धारेपर्यंत उतरलेला पितळेचा ठोकळा. किंमत साडेचार हजार. घरात मुख्यतः कांदा, टोमॅटो, मेथी आणि कोथिंबीर चिरली जाते. घ्यावी का?

जुना_कारागीर
घेऊ नये, आणि त्याचे पहिले कारण तो पितळेचा ठोकळा. धार लावताना तो दगडाला आडवा येतो, त्यामुळे टाचेजवळची, म्हणजे मुठीकडच्या टोकाची, धार दगडाला टेकतच नाही. पुढचे पाते झिजत जाते, मागचे तसेच राहते, आणि काही वर्षांनी पाते फळीवर पूर्ण बसत नसल्यामुळे कोथिंबिरीच्या काड्या अर्धवट तुटून माळेसारख्या लोंबू लागतात. हा दोष दुकानात दिसत नाही.

बोटांच्या खाचा बनवणाऱ्याच्या हाताच्या मापाच्या असतात. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलती, सुरीत नेमके उलटे. ही सवय बदलताना आईंना पकड सतत पुढेमागे करावी लागेल, आणि ती मोकळीकच खाचा काढून घेतात. पाठीवरच्या वेलीत मेथीचा चोथा अडकतो, तर्जनीही तिथेच घासते. भोकांमुळे चकत्या थोड्या कमी चिकटतील, पण टोमॅटोच्या बिया त्यातून रोज काढाव्या लागतील.

डमॅस्कसला माझा विरोध नाही. दोन प्रकारची पोलादे तापवून, ठोकून एकजीव करतात आणि पाते आम्लात बुडवले की दोन्हींवर वेगवेगळा परिणाम होऊन लाटा उठून दिसतात. मात्र धार टिकते ती धारेच्या पोलादामुळे आणि त्याला दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यामुळे. काथ्याने घासल्यास लाटा फिक्या होतात, एवढे लक्षात ठेवा.

द्राक्षबागवाला
ऑक्टोबरच्या छाटणीत कात्रीला नक्षी मागणारा मजूर मी अजून पाहिलेला नाही! माझी सूचना जाडीबद्दल आहे. पाठ पाच मिलिमीटर असेल आणि पाते धारेकडे पुरेसे निमुळते होत नसेल, तर गाजर चिरले जात नाही, पाचरीने फोडल्यासारखे दुभंगते. भाजीला टाचेपाशी दोन-अडीच मिलिमीटर पुरे. साधे कार्बन पोलाद कांद्याने काळवंडते आणि ओले ठेवल्यास गंजते; आईंना लगेच पुसून ठेवण्याचा कंटाळा असेल, तर स्टेनलेसच मागा.

जुना_कारागीर
जाडीबद्दल सहमत आहे. हातोडीचे ठसे मात्र चालतील, फक्त ते धारेपासून बोटभर वर थांबलेले असावेत. हौस फिटवायचीच असेल, तर मुठीच्या लाकडावर किंवा रिव्हिटांवर फिटवावी.

गंगापूररोडवासी
आभारी आहे. त्याच कारागिराला ठोकळा, खाचा आणि भोके वगळून स्टेनलेसची सुरी बनवता येईल का, असे विचारले आहे. तो तयार आहे, पण वेल वगळायला नाही म्हणतो. निदान ती मुठीवर उतरवा, असे आईच त्याला सांगणार आहे. घ्यायला जाताना ती पिशवीत दोन कांदे आणि एक गाजरही नेणार आहे.