मतपत्रिकेचा नमुना : हरकत आज रात्री ९ पर्यंत

पाटील सर, ए-६०१ (निवडणूक अधिकारी) : सर्व सभासदांना नमस्कार 🙏 सोसायटीच्या कमिटीची निवडणूक : सर्वसाधारण गट, जागा ६, उमेदवार ९. मतपत्रिकेवरील क्रम : आपटे, भोसले, चव्हाण, देशमुख, घाडगे, क्षीरसागर, ओक, उपाध्ये, वाघमारे. हरकत असल्यास आज रात्री ९ पर्यंत कळवावी. उद्या सकाळी छपाईला देणार.

जोशी वहिनी, बी-३०४ : पाटील सर, माझी हरकत आहे. आपटेंनंतर भोसले ही कुठली वर्णमाला? मतपत्रिका मराठीत आणि क्रम इंग्रजी एक्सेलचा. मराठीत लावलं तर आपटे, उपाध्ये, ओक, घाडगे, चव्हाण, देशमुख, भोसले, वाघमारे, क्षीरसागर. म्हणजे उपाध्ये आठव्यावरून दुसरे आणि भोसले दुसऱ्यावरून सातवे. जागा ६ आहेत. सहाव्या ओळीच्या खाली कोण जातं याला महत्त्व आहे.

भोसले, ए-२०३ : वहिनी, यादी मी केलेली नाही. ऑफिसातल्या मेंटेनन्सच्या शीटवरून उचलली आहे. दर वेळी बोट माझ्याकडेच का?

जोशी वहिनी, बी-३०४ : भोसलेसाहेब, तुमच्यावर आरोप नाही. मी क्रमाबद्दल बोलतेय.

देशमुख, सी-१०१ : ही सुशिक्षितांची सोसायटी आहे. माणूस नाव वाचून मत देतो, ओळ बघून नाही.

सावंत, सी-७०३ : टँकरचं काय झालं? सी विंगला सकाळपासून पाणी नाही.

भोसले, ए-२०३ : टँकर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय. अर्ध्या तासात येईल.

सावंत, सी-७०३ : हेच नऊ वाजता पण सांगितलं होतं.

जोशी वहिनी, बी-३०४ : देशमुखसाहेब, मागच्या मतमोजणीला तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. घड्या उलगडून मीच वाचत होते. काही पत्रिकांवर निळ्या शाईच्या सहा फुल्या, पहिल्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत, मध्ये एक ओळ सोडलेली नाही. अशा १४ निघाल्या. वाघमारे तेव्हाही तळाला होते आणि २ मतांनी राहिले. लिफ्ट बंद होती तेव्हा बी विंगच्या म्हाताऱ्या माणसांची औषधं आठव्या मजल्यापर्यंत कोणी पोचवली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून मला हे खुपतंय.

शिंदे काकू, ए-५०४ : त्यातली एक माझी असणार गं. चष्मा घरी राहिला होता, आणि मागे लाइन लागलेली. वरच्या सहांवर फुल्या मारल्या नि आले.

कदम, बी-१०२ : मी पुढच्या वेळी अकोलकर नावाने उभा राहतो 😄

देशमुख, सी-१०१ : सुशिक्षितांची सोसायटी आहे. माणूस नाव वाचून मत देतो.

कदम, बी-१०२ : काकूंचं वाचलंत का?

क्षीरसागर, बी-६०२ : वहिनी, मला नवव्या नंबरवर कोणत्या न्यायाने टाकलंत? क्ष म्हणजे क् आणि ष. कॉम्प्युटरवर मराठी नावं लावून बघा, मी क मध्ये येतो. घाडग्यांच्या आधी, चौथा.

उपाध्ये मॅडम, ए-३०१ : शाळेत ३० वर्षं मुळाक्षरं शिकवली आहेत. ह, ळ, क्ष, ज्ञ. क्ष शेवटीच.

क्षीरसागर, बी-६०२ : तुम्ही दुसऱ्या आलात, तुम्हाला शेवटीच वाटणार.

उपाध्ये मॅडम, ए-३०१ : वर्णमाला मी उभी राहायच्या आधीपासून आहे.

ओक, सी-५०४ : मी सातवा की तिसरा एवढं नक्की करा. सोसायटीच्या प्रत्येक यादीत आम्ही तळाला.

सावंत, सी-७०३ : ओक, यादीतली जागा नंतर. आधी माझ्या पार्किंगच्या तोंडाशी लावलेली तुमची दुसरी गाडी काढा.

ओक, सी-५०४ : पाच मिनिटांसाठी लावली होती.

सावंत, सी-७०३ : रविवारपासून.

जोशी वहिनी, बी-३०४ : विषय भरकटवू नका, हात जोडते. मराठी क्रम बरोबर लावला तरी क्षीरसागर चौथे की नववे यावर आपलं एकमत नाही. आणि वाघमारे कुठल्याही क्रमात आठवे नाहीतर नववेच. म्हणून माझी मागणी बदलते. नावं फिरती ठेवा. ९ प्रकारच्या पत्रिका काढायच्या, प्रत्येक प्रकारात वरचं नाव वेगळं. सभासद ९६, पत्रिका छापायच्या ९९. प्रत्येकाचं नाव ११ पत्रिकांवर पहिलं येईल. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १९७९ पासून असंच आहे. नील रॉबसन नावाच्या आमदाराने ते आणलं, म्हणून त्याला रॉबसन रोटेशनच म्हणतात.

देशमुख, सी-१०१ : लोकसभेलासुद्धा वर्णक्रमच असतो. आपण काय निवडणूक आयोगापेक्षा शहाणे?

प्रवीण, बी-८०१ : काका, लोकसभेला सरसकट वर्णक्रम नसतो. १९५१ च्या कायद्यात तीन गट आहेत. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि वर्णक्रम त्या त्या गटापुरता. शिवाय तिथे चिन्ह असतं, २०१५ पासून फोटोही आहे, आणि बटण एकच दाबायचं. आपल्याकडे चिन्ह नाही, पक्ष नाही, मतं मात्र सहा. अमेरिकेत ओहायोमध्ये नावं फिरवून छापतात. तिथल्या १९९२ च्या मतदानातल्या ११८ लढती अभ्यासकांनी तपासल्या. जवळपास निम्म्या लढतींत नावाच्या जागेचा फरक दिसला, आणि वर नाव असलेल्याला सरासरी अडीच टक्के जास्त मिळाले होते. पक्षाचं नाव नसेल तिथे फरक आणखी मोठा.

कदम, बी-१०२ : ९६ चे अडीच टक्के म्हणजे साधारण दोन मतं. वाघमारे तेवढ्यानेच राहिले होते ना?

घाडगे, सी-४०२ : कल्पना चांगली आहे, पण ९ प्रकारच्या पत्रिका मोजताना गोंधळ होईल.

जोशी वहिनी, बी-३०४ : घाडगे भाऊ, मोजताना आपण नाव पुकारतो, ओळ नाही. वाचणारा एक, बघणारा एक, फळ्यावर रेघा मारणारा एक. मागच्या वेळेसारखंच. फार तर अर्धा तास जास्त लागेल. मी बसते.

देशमुख, सी-१०१ : सुशिक्षितांची सोसायटी आहे. माणूस नाव वाचून मत देतो. शेवटचं सांगतोय.

वाघमारे, बी-७०१ : वहिनी, माझ्यासाठी भांडू नका. मला कुठलीही ओळ चालेल.

जोशी वहिनी, बी-३०४ : वाघमारे, तुमच्या एकट्यासाठी नाही. तळाला आज तुम्ही आहात, पुढच्या वेळी माझी सून असेल. पाच वर्षांची कमिटी आहे. लिफ्टचा करार, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं हेच लोक ठरवणार.

पाटील सर, ए-६०१ (निवडणूक अधिकारी) : सर्व वाचले. नमुना मागे घेत आहे. शीटवरून क्रम उचलला ही माझी चूक, भोसलेंचा संबंध नाही. फिरत्या क्रमाला नऊही उमेदवारांची संमती हवी, आणि तसे चालते का हे मी उद्या उपनिबंधक कार्यालयात विचारून येतो. तिथून नकार आल्यास निदान वर्णक्रम मराठीच लावेन आणि क्ष कुठे हेही लेखी विचारेन. उमेदवारांनी इथेच कळवावे.

आपटे, ए-१०२ : माझी संमती. इंग्रजी लावा की मराठी, मी पहिलाच येतो. मागच्या वेळीही पहिलाच होतो. १४ चा आकडा आज कळला. फिरवा नावं.

जोशी वहिनी, बी-३०४ : आपटे, मनापासून आभार 🙏

घाडगे, सी-४०२ : संमती.

उपाध्ये मॅडम, ए-३०१ : संमती.

क्षीरसागर, बी-६०२ : संमती. क्ष चा वाद मिटला नाही, तो राखून ठेवतो.

वाघमारे, बी-७०१ : संमती.

ओक, सी-५०४ : संमती. गाडी काढली आहे.

चव्हाण, ए-४०३ : आत्ता ऑफिसातून आलो, एवढे मेसेज बघून घाबरलो. संमती.

देशमुख, सी-१०१ : मला पटलेलं नाही. पण एकट्याने अडवणार नाही. संमती.

सावंत, सी-७०३ : टँकर आला. मोटर चालू करायला सांगा.

भोसले, ए-२०३ : सांगितलं. माझीही संमती. पाटील सर, यादी मी केली नव्हती हे तुम्ही इथे लिहिलंत ते नोटीस बोर्डावरही लावा.