चिकोडीला बदली झालीय, कामापुरतं कन्नड कसं शिकू?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बँकेत कॅशला आहे. कोल्हापुरातून रोज जाऊन-येऊन करतो. ॲपवर दीडशे शब्द पाठ केले. 'मर' म्हणजे झाड, 'हालु' म्हणजे दूध. काउंटरवर उपयोग शून्य. परवा एक आजोबा म्हणाले, "साल बेक्री." मला वाटलं कुठल्या सालाचा हिशोब मागतायत, म्हणून तीन वर्षांच्या नोंदी छापून दिल्या. शिपाईमामा हसून लोळायचे बाकी होते. साल म्हणजे कर्ज! पुस्तक, क्लास, काहीही सुचवा.

निपाणीची_सून
आणि बेक्री म्हणजे बेकरी नाही हं 😄 'बेकु' म्हणजे पाहिजे, त्याला मानाचा 'री'. म्हाताऱ्या माणसांशी तो री कधी गाळू नका. ॲपवाले बेंगळूरकडचं शिकवतात. तिकडं पैशाला 'दुड्डु', इकडं 'रोक्क', आपल्या रोकडीचं भावंडच. तिकडं 'चेन्नागिदे', इकडं 'चलो ऐति'.
कॅशला आहात तर आधी आकडे. इन्नूर दोनशे, मुन्नूर तीनशे, नानूर चारशे, ऐनूर पाचशे. गर्दीत इन्नूर आणि ऐनूर एकसारखेच ऐकू येतात. सासऱ्यांच्या दुकानात मला तीनशेचा फटका बसलाय, म्हणून सांगते: नोट दाखवून विचारा.

शब्दखोर
सुटे शब्द नकोतच. एक वाक्य धरा: 'ननगे साल बेकु', मला कर्ज पाहिजे. शब्दांचा क्रम मराठीचाच. आता साल काढून 'नीरु' घाला, पाणी मिळालं. बेकुच्या जागी 'बेड' घाला, नको झालं. इंग्रजीतून कन्नड शिकवणारी पुस्तकं आपल्याला उगाच लांबून फिरवून आणतात. व्याजाला 'बड्डी', सहीला सहीच. अंकी (Anki) या पाठांतराच्या ॲपवर अशा वाक्यांची कार्डं करा, आवाज शिपाईमामांचा भरा.

महाद्वार_रोड
भावा, रविवारी आमच्याकडं ये. अंबाबाईला कर्नाटकातनं माणसं येत्यात, बांगड्यावाले कन्नडमधनंच भाव करत्यात. दोन तास नुसता हुबा ऱ्हा आणि ऐक. फक्त 'नाय नाय' करू नको, 'नायि' म्हणजे कुत्रं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बाप रे, मी दिवसभर तेच म्हणतोय! नाहीला 'इल्ल' ना? रविवारी येतो. आजोबा सोमवारी अर्ज घेऊन येणार आहेत, "बड्डी एष्ट्री?" म्हणजे व्याज किती, असं विचारणारच. तेवढं उत्तर आकड्यांसकट मामांकडून घोटून घेतोय.