शाळेची सहल दिल्लीला जाते, मग जयपूर हाऊसला का नाही?

रामदासपेठी:
नागपूरच्या शाळांच्या दिल्ली सहलीत लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट ठरलेलं असतं. इंडिया गेटजवळच जयपूर हाऊसमध्ये १९५४ पासून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, तिथे मात्र बस थांबत नाही. निदान आपल्या शाळांनी तरी थांबवावी. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. दुसरे चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईला जाण्याआधी इथल्याच कलाशाळेत शिकले. दोघांचंही काम त्या संग्रहात आहे. गायतोंडेंचं चित्र मोबाइलवर नुसता रंगाचा पट्टा वाटतो. रोलरने थर चढवायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, पुन्हा चढवायचा, असं ते काम करत. ते थर कॅनव्हाससमोर उभं राहिल्याशिवाय दिसतच नाहीत.

महालकर:
पटलं नाही. गायतोंडे जन्मले इथे, घडले मुंबईत. नुसत्या जन्मगावावरून पोरांना काय सांगणार? आणि चाळीस-पन्नास पोरं रांगेने दालनातून हाकलायची, शिपाई 'हात लावू नका' म्हणून ओरडून राहिला, याला कलेची ओळख म्हणायचं काय? अजब बंगला, म्हणजे आपलं नागपूरचं संग्रहालय, १८६३ पासून गावात आहे. आधी तो तरी नीट दाखवा.

चित्रकलाबाई:
दादा, हाकललं तर कुठेही तेच होईल, अजब बंगल्यातसुद्धा. सगळी दालनं फिरवायची नाहीतच. अमृता शेरगिल यांचं १९३५ चं 'तीन मुली' हे चित्र घ्या. पोरांना समोर बसवा आणि गप्प राहा. या एकमेकींकडे बघत का नाहीत, असं कुणीतरी विचारतंच. आमच्या वयाचे लोक आधी शेजारची पाटी वाचतात, पोरं चित्र बघतात. त्यानंतर एखादं अमूर्त चित्र दाखवा, 'हे काय आहे' म्हणून कुणी अडत नाही.

वर्धारोड:
पण हवं ते चित्र भिंतीवर असेलच कशावरून? संग्रहात हजारो कलाकृती आहेत, मांडणी बदलत राहते. हजार किलोमीटर जाऊन गायतोंडे दिसलेच नाहीत, तर? माझा राग वेगळाच आहे. या संस्थेची दालनं मुंबईला आहेत, बंगळुरूला आहेत, मग उपराजधानीला का नाही? सिंचनाचा अनुशेष आपण आकडे काढून मांडतो. कलेचा अनुशेष कोणी मांडला?

रामदासपेठी:
मागणी कराच, मी सही करतो. पण ती मंजूर होऊन इमारत उभी राहीपर्यंत आजची नववी नोकरीला लागलेली असेल. आणि ज्यांनी असं दालन कधी पाहिलंच नाही, ते ते मागतील कशाला? काय मांडलंय ते निघण्याआधी विचारून घेता येतं.

चित्रकलाबाई:
सोमवारी बंद असतं, तेही बघा. सहली बहुतेक शनिवार-रविवार जोडून निघतात, त्यामुळे रविवार सकाळच धरावी लागेल.

महालकर:
बाई, तुमच्यासारखं बसवणारं कोणी सोबत असेल तर माझी ना नाही. पण किती शाळांत चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षक उरलाय? तो नसेल तर बस लाल किल्ल्यावरूनच परत आणा.