'पोस्टस्क्रिप्ट' लिहायलाच नको होतं! तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठची
काल रात्री दोन वाजता सेसिलिया अहर्नचं 'पोस्टस्क्रिप्ट' संपवलं आणि मग झोपच लागेना, इतकं वाईट वाटलं. घरात कोणी वाचणारं नाही म्हणून इथे लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'पी. एस. आय लव्ह यू' हे तिचं पहिलं पुस्तक, २००४ चं, लिहिलं तेव्हा ती जेमतेम २१ ची. डब्लिनची होली, वय तिशीला टेकलेलं, तिचा नवरा जेरी ब्रेन ट्यूमरने जातो आणि मागे पाकिटं ठेवून जातो, मार्च ते डिसेंबर, महिन्याला एकच उघडायचं. आता १५ वर्षांनी, म्हणजे २०१९ मध्ये, हा दुसरा भाग आला. गोष्टीत सात वर्षं गेलीयेत, होली बहिणीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते, आयुष्यात गॅब्रिएल नावाचा नवा माणूस आलाय, आणि बहिणीच्या आग्रहाने ती एका पॉडकास्टमध्ये जेरीच्या पत्रांबद्दल बोलते. ते ऐकून काही आजारी माणसं तिच्याकडे येतात, आमचेही दिवस भरलेत, आम्हालाही घरच्यांसाठी असंच काहीतरी ठेवून जायचंय, मदत कर म्हणून. चक्क क्लब काढतात त्या पत्रांच्या नावाने.

मला त्या पहिल्या पुस्तकातलं पहिलं पाकीट अजून पाठ आहे. रात्री दिवा कोणी उठून बंद करायचा यावरून त्या दोघांची रोजची कुरकुर. तो गेल्यावर दिवा हिलाच बंद करावा लागतो आणि मग ही अंधारात पलंगापर्यंत ठेचकाळत येते. आणि पाकिटात काय निघतं, तर उशाशी ठेवायला एक दिवा विकत आण. बास. प्रेमाची भाषणं नाहीत काही नाहीत, तुझ्या पायाला लागतं हे मला माहितीये एवढंच. माझी मोठी बहीण गेली त्या वर्षी मी हे पुस्तक तीनदा वाचलं, शेवटी शेवटी तर नुसतं पर्समध्ये ठेवून फिरायचे.

आणि डिसेंबरनंतर पाकीट नाही! माझ्यासाठी तेच त्या पुस्तकाचं काळीज आहे. जानेवारी होलीला एकटीने काढायचाय, कोणी सांगणारं नाही. दुसऱ्या भागाने नेमकं तेच घालवलं. जे एका माणसाने एका बायकोसाठी केलं त्याची पद्धत करून टाकली, आता कोणीही या आणि करा. मला ते सहन नाही झालं.

चहा_बिनसाखरेचा
ताई, अजिबात सहमत नाही. लेखिकेने १५ वर्षं थांबून लिहिलंय. पैशासाठीच लिहायचं असतं तर २००७ मध्ये सिनेमा आला, हिलरी स्वँक, जेरार्ड बटलर, सगळीकडे चर्चा, तेव्हाच लिहिलं असतं ना. आणि एखादी गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडली तर तिचा अपमान कसा होतो? आपल्याकडे तर आईची पुरणपोळीची कृती अख्ख्या गल्लीत वाटतात.

गोदाकाठची
पैशासाठी लिहिलं असं मी म्हटलेलंच नाही. ती मनापासून लिहिते हे दिसतं. मनापासून लिहिलेलं पुस्तकही चुकू शकतं ना. आणि पुरणपोळीची कृती वाटता येते हो, पण आईने तुमच्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलेली पोळी वाटत नाहीत.

वाचनखूळ
मला तर सिनेमापासूनच नाही आवडलं, डब्लिनची गोष्ट उचलून न्यूयॉर्कला नेली. त्यापुढे दुसरा भाग बराच म्हणायचा, निदान होली परत आपल्या घरी आहे, आईवडील, भावंडं, सगळा गोतावळा. पहिल्यातलंही मला ते घरच जास्त आवडलं होतं, जेरीपेक्षा.

द्राक्षबागवाला
मी कादंब-या फार वाचत नाही, बायकोने दिलं म्हणून दोन्ही वाचली, निफाडकडे बाग आहे आमची, रात्री मोटर चालू करून बसलो की वाचतो. धागा बघून राहवलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा कपाटात त्यांची फवारणीची वही सापडली. कुठल्या तारखेला काय मारलं, किती मारलं, पाऊस कधी, डाऊनी हा द्राक्षावरचा रोग कुठल्या प्लॉटला आला, सगळं बारीक अक्षरात, निळ्या पेनने, आणि मधेमधे माझ्यासाठी म्हणून लिहिलेलं. एका पानावर खरड छाटणीच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीच्या, खाली आहे, मजुरांना उन्हाच्या आत सोडत जा. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी पावसाळ्यानंतर करतात त्या छाटणीच्या, पानावर लिहिलंय, शेजारच्यांनी केली म्हणून आपण घाई करू नको, आपली जमीन उशिरा वाफशाला येते. त्यांना बरं नव्हतं तेव्हा लिहिलेलं असणार, अक्षर हललंय. तर मी पहिलं पुस्तक वाचताना त्या पाकिटांपाशी थांबलो, म्हटलं ही तर आपली वही.

पण वहीची शेवटची २०-२५ पानं कोरी आहेत. तीन वर्षं झाली, माझ्या नोंदी मी दुसऱ्या वहीत करतो, त्या पानांवर पेन टेकवत नाही. गोदाकाठची ताई म्हणतात तो जानेवारी मला तिथे समजला. दुसरं पुस्तक वाचताना कोणीतरी त्या कोऱ्या पानांवर लिहितंय असं वाटत राहिलं मला, वाईट नव्हतं लिहिलेलं, पण लिहायला नको होतं.

चहा_बिनसाखरेचा
दादा, वहीचं वाचून गलबलून आलं. पण एक विचारू का, उद्या एखाद्या आजारी शेतकऱ्याने तुम्हाला विचारलं की माझ्या पोरासाठी अशी वही कशी लिहू, तर सांगणार नाही तुम्ही? होली तेवढंच करते.

द्राक्षबागवाला
सांगेन की. रात्रभर बसून सांगेन. पण ते माझं आणि त्या माणसाचं राहील, त्याच्यावर वडिलांच्या नावाचा बोर्ड नाही लावणार. होलीलाही सुरुवातीला ते नकोच असतं, तिला परत त्या वर्षात ओढल्यासारखं होतं, तेवढा भाग मला पटला होता.

इंदिरानगरची_अबोली
मी सहसा नुसतं वाचते. पण इथे मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय आणि जरा लांब होईल, चालवून घ्या.

मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. मी ३४ ची, मुलगी पहिलीत. पत्र नाही, निरोप नाही, शेवटचं बोलणं फोनवर, त्यातही ऑक्सिजनचा आवाज जास्त आणि त्यांचा कमी. दहावा रामकुंडावर, मोजून पाच माणसं. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. दीर म्हणाले वहिनी, काहीतरी राहिलंय त्याचं, बोला. मी काय काय बोलले, घराचे हप्ते भरीन, सासूबाईंना बघीन, गाडी विकणार नाही, एकेक आठवून मोठ्याने. कावळा पलीकडच्या कठड्यावर बसून राहिला. मग म्हटलं पोरीला शिकवीन, तिला हवं तेवढं शिकवीन, आणि तो आला. तुम्ही मानत असाल नसाल. माझं पाकीट ते एवढंच, तेही मीच अंदाजाने लिहिलेलं.

म्हणून खरं सांगते, मला पहिल्या पुस्तकाचा राग आला होता. होलीला दहा महिने कोणीतरी हात धरून चालवतंय, शेवटच्या पाकिटात पुन्हा प्रेम करायला घाबरू नकोस म्हणून परवानगीसुद्धा. आपल्याकडे पहिल्या वर्षी दर महिन्याला मासिक घालतो तसं वाटलं मला ते, फक्त उलट्या दिशेने, तो तिकडून हिला घालतोय. आणि परवानगी त्याने का द्यायची? दुसऱ्या पुस्तकात होली पहिल्यांदा हे विचारते, की ती पत्रं खरंच माझ्यासाठी होती की त्याच्या स्वतःच्या समाधानासाठी. सात वर्षांनी विचारते! मला वाटलं, आली बाई शेवटी माझ्या गल्लीत. लोक वर्षश्राद्ध झालं की आता सावरलीस ना म्हणतात. तुमचा तो जानेवारी, मी किती वर्षं त्यातच आहे, आणि त्यातल्या बाईबद्दल कोणी लिहीत नाही, हे पुस्तक लिहितं.

आणि जिनिका. क्लबातली ती कोवळ्या वयाची आई, कॅन्सर, कडेवर तान्ही मुलगी, आणि तिला लिहिता-वाचताच येत नाही. मुलीसाठी पत्र तर ठेवायचंय, पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही, म्हणून होलीकडून अक्षरं शिकते. ते वाचत होते तेव्हा शेजारी माझी लेक जोडाक्षरं गिरवत बसली होती. मला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

वाचनखूळ
अबोलीताई 🙏

चहा_बिनसाखरेचा
मी एवढा वेळ वाद घालत होतो त्यात मला म्हणायचं होतं ते हेच होतं पण माझ्याकडे ते नव्हतं. थांबतो.

गोदाकाठची
अबोलीताई, दुपारपासून तीनदा लिहून खोडलं. तुमच्यापुढे वाद घालायची इच्छा नाही, पण तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत तर मीही खरं तेच लिहायला हवं.

पत्रं कोणासाठी होती, हा प्रश्न पुस्तकात आहे हे मान्य. मी तो वाचून पुढे गेले, कारण मला जेरीवर शंका घ्यायची नव्हती. ताई गेली तेव्हा मला कोणीतरी असं हवं होतं जे चुकलंच नाही, आणि ते मी जेरीला करून टाकलं, हे तुमचं वाचल्यावर कळलं. जिनिकाबद्दलही तुमचं बरोबर आहे. पण मग माझी तक्रार उलट वाढते. जिनिका एकटी एका अख्ख्या पुस्तकाला पुरली असती! तिच्याभोवती इतर तिघाचौघांच्या योजना, गॅब्रिएल आणि त्याच्या मुलीचा ताण, दुकान, हे सगळं कशाला? आणि तिची गोष्ट सांगायला जेरीचं नाव का लागावं? दुसरी मुलगी, दुसरं शहर, नवीन पुस्तक लिहायचं होतं.

इंदिरानगरची_अबोली
जेरीचं नाव नसतं तर मी ते हातात घेतलं नसतं ना हो. मी त्याच्याशी भांडायलाच गेले होते.

गर्दी झालीये हे खरं. मीही मधली काही पानं भराभर उलटली.

द्राक्षबागवाला
अबोलीताई, तुमचं वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते ती कोरी पानं पोरासाठी ठेवा, त्याला लिहू दे. आत्ता नववीत आहे, बागेत यायचा कंटाळा करतो. बघू.

गोदाकाठची
दादा, त्याच्याकडून घाई नका करू, तुमच्या वडिलांनीच लिहिलंय.

मी आज रात्री जिनिकाची प्रकरणं तेवढी परत वाचणार आहे. दोन्ही पुस्तकं मात्र एका फळीवर नाही ठेवणार, निदान आत्ता तरी. पहिलं परत पर्समध्ये टाकलंय.